सर्पगंधेचं मूळ आणि आपला दावा

(मालवण तालुक्यातल्या वाड्यांच्या एकत्र बैठकीत संघटनेच्या वतीनं झालेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. वाडीत ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.)



सकाळी इथं येताना एका दादानं आम्हाला वाटेतच धरलं. म्हणाला, "जमनीची बैठक म्हणान बोलवलात, आनि आता झाडपाल्याचा कित्याक काढतास?" दादाचा प्रश्न बरोबर आहे. आपण दोन वर्षं सातबारा, घराखालची जमीन, वरकस, हेच बोलत आलो. पण दसऱ्यानंतर आपल्या वाड्यांवर जे झालं त्यात झाडपाला आणि जमीन वेगळी राहिलेली नाही. म्हणून आज सर्पगंधेवर बोलायचं.

काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी दुसऱ्या वाडीच्या माणसांसाठी सांगतो. एक माणूस टेम्पो घेऊन आला. बोलायला गोड. खिशात वाळलेलं एक मूळ घेऊन फिरत होता, करंगळीएवढं, वाकडंतिकडं, वरून मातकट. बायांना दाखवून विचारलं, "हे ओळखता का?" ओळखणार नाहीत होय? आपल्या म्हाताऱ्या बाया हे झाड अंधारात हात लावून ओळखतील. मग म्हणाला, जेवढं आणाल तेवढं घेतो, रोख देतो, वजन इथंच करू. दिवाळी तोंडावर. भातकापणीची मजुरी संपत आलेली. आंब्याच्या बागेतलं काम अजून लांब. लोक रानात शिरले. पहिल्या दिवशी बाया, दुसऱ्या दिवशी पोरं, तिसऱ्या दिवशी शाळा बुडवून लहान मुलंसुद्धा. चौथ्या दिवशी दोन बाया डोक्यावर पोतं घेऊन रस्त्याला उतरल्या आणि जंगलखात्याच्या माणसांनी त्यांना धरलं. पोतं घेतलं, नावं लिहिली, अंगठे घेतले. कसले अंगठे ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही. आणि टेम्पो? टेम्पो हाकेच्या अंतरावर उभा होता. तो चालू करून निघून गेला. आधीच्या तीन दिवसांचा माल त्याच्यात होताच.

ज्याच्याकडे पाटीभर मूळ तो चोर, आणि ज्याच्याकडे टेम्पोभर तो व्यापारी. हा हिशोब आपण आजवर लाकडात बघितला, कोळशाच्या भट्टीवर बघितला. आता मुळात बघतोय.

आधी झाडाबद्दल बोलू, कारण तरुण पोरांपैकी कितीतरी जणांनी ते पहिल्यांदाच या दसऱ्याला बघितलं.

सर्पगंधा हे झुडूप. गुडघ्याएवढं, फार तर मांडीएवढं. जुन्या वैद्यकीच्या पुस्तकांत हरकी, अडकई अशीही नावं सापडतात. सड्यावर उन्हात ते येत नाही. राईच्या सावलीत, बांबूच्या बेटाच्या कडेला, व्हाळाच्या वरच्या अंगाला, जिथं पानाचा कुजका थर असतो तिथं येतं. पानं लांबट, टोकाला निमुळती, आणि बहुतेक एका पेराला तीन-तीन, गोल फिरलेली. ही खूण लक्षात ठेवा. फुलांचा झुबका वरती, देठ लाल, फूल पांढरं पण नळीकडे गुलाबी झाक. फळ हिरवं, मग लाल, पिकलं की काळपट जांभळं, वाटाण्याएवढं, दोन-दोन जोडीनं चिकटलेली. ज्या कुळातली आपली करवंदं आणि सातवीण, त्याच कुळातलं हे. मूळ सरळ खाली जातं, हात-दीड हात. साल पिवळसर तपकिरी, आणि जिभेला लावली तर इतकी कडू की दुपारपर्यंत तोंडातून जात नाही.

हिची एक मोठी बहीण आहे. ती बागेच्या कुंपणाला, रस्त्याच्या कडेला येते, पानं एका पेराला चार-चार, त्यातली दोन मोठी, दोन बारकी. तिचं मूळ व्यापारी भेसळीला वापरतात. आपल्यातल्या काही पोरांनी तीसुद्धा खणून दिली. त्या माणसानं तीही घेतली, कमी पैसे देऊन. म्हणजे त्याला फरक चांगला कळत होता.

एका आजीनं आमच्याशी बोलताना जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगतो. "माझ्या आजयेन माका ह्या झाड दाखवल्यान, पन खनूक दिल्यान नाय. म्हणाली, बियो काळे होवंदेत. बियो मातयेत पडले काय मगे खन. आनि सगळा मूळ काढू नको." आजी शाळेत गेलेली नाही. पण वनस्पतीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच ती सांगते. मूळ काढायची वेळ थंडीत, पानं झडायला लागल्यावर. तेव्हा औषधाचा अंश मुळात उतरलेला असतो. झाड निदान दीड वर्षाचं तरी पाहिजे, दोन-तीन वर्षांचं असेल तर उत्तम. त्याच्या आधी काढलं तर वजनही नाही आणि गुणही नाही. आपण दसऱ्यानंतर काय केलं? फळं झाडावर होती. काही पिकलेली, काही हिरवी. बोटाएवढी रोपंसुद्धा उपटली, कारण वजन भरायचं होतं.

बी रुजण्याचं म्हणाल तर या झाडाचं नशीब वाईट. बरंचसं बी पोचट निघतं, आणि जे चांगलं असतं तेही सगळं उगवत नाही. पण मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला तर त्यातून कोंब फुटतो. खोडाचा तुकडा लावला तरी जगतो. म्हणजे आजीनं सांगितलेलं "सगळा मूळ काढू नको" यात सगळी शेती आली.

आता हे मूळ जातं कुठं? इतके पैसे मोजून शहरातला माणूस आपल्या कडू मुळाचं काय करतो?

गोष्ट मोठी आहे, आणि यातला मोठा भाग आपल्याच मुंबईत घडला, म्हणून सविस्तर सांगतो. बिहारकडे या मुळाला पागलची दवा म्हणत. डोकं फिरलेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाला याची पूड देत. कुणी शोधलं? आपल्यासारख्याच कुणीतरी रानातल्या माणसांनी. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. मग १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं या मुळातून औषधी द्रव्यं वेगळी काढली. एकाला त्यांनी हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून प्रसिद्ध केलं की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालतं. पण साहेबलोकांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मुंबईत के.ई.एम. हॉस्पिटलात डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयाचे डॉक्टर होते. रक्तदाबाच्या रोग्यांना ते सर्पगंधा देत आणि प्रत्येकाची नोंद ठेवत. १९४९ साली त्यांनी ५० रोग्यांची हकिगत इंग्लंडच्या डॉक्टरी मासिकात छापली. मग मात्र जग जागं झालं. कारण त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं मुळातून रेसरपीन नावाचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याच्या गोळ्या काढल्या. अमेरिकेत वेड्यांच्या इस्पितळांतसुद्धा ते द्यायला लागले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, हा वैद्यकीतला फार मोठा मान आहे. वकील हुशार आणि प्रामाणिक माणूस, त्यांनी नोंदी ठेवल्या म्हणून जगाला कळलं. त्यांच्याबद्दल आपली तक्रार नाही. आपलं म्हणणं एवढंच, की या सगळ्या हकिगतीत डॉक्टराचं नाव आहे, कंपनीचं नाव आहे, पुरस्काराचं नाव आहे. ज्या बायकांनी पाऊस-चिखलात मूळ खणलं त्यांचं नाव नाही, आणि ज्या रानातून मूळ गेलं त्या रानाचंही नाही.

त्यानंतर परदेशातून मागणी इतकी आली की देशभरच्या रानातून हे झाड कमी होत गेलं. शेवटी १९९० पासून जगातल्या देशांच्या कराराच्या यादीत सर्पगंधा घातली गेली, म्हणजे परवान्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात तिचा व्यापार करता येत नाही. आता रक्तदाबाला नवी औषधं खूप आली आहेत आणि डॉक्टर रेसरपीन फारसं लिहून देत नाहीत. त्यानं माणसाचं मन फार खचतं, पोटात व्रण होतात, असं दिसून आलं. पण आयुर्वेदी आणि युनानी कारखान्यांना मूळ लागतंच. म्हणून टेम्पो येतो.

इथं एक गोष्ट जरा रागानं सांगायची आहे. नावात सर्प आहे म्हणून साप चावल्यावर हे मूळ उगाळून पाजायचं, अशी समजूत आपल्यात आहे. ही समजूत सोडा. आपल्या सड्यावर फुरसं किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. भारा उचलताना, काजू वेचताना, दर वर्षी कुणाला ना कुणाला चावतं. फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, ती आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्येही बनते. या मुळानं विष उतरत नाही. उलट हे मूळ रक्तदाब खाली आणतं, आणि साप चावलेल्या माणसाचा रक्तदाब आधीच खाली गेलेला असू शकतो. म्हणजे आपण आपल्या माणसाला वर ढकलायच्या जागी खाली ढकलतो. पाय बांधू नका, चिरू नका, पाजू नका. माणसाला हलू न देता उचला आणि गाडी मिळेल ती पकडून दवाखान्यात न्या. आमच्यातल्या एकाचा भाऊ या उगाळण्यात गेलेल्या तासाभरानं गेला. त्यावर आम्ही जास्त बोलत नाही. तसंच पोटुशी बाई असेल तर हे मूळ कुठल्याच कारणानं देऊ नका. आणि शहरातल्या कुणाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर गोळी सोडून मूळ घे, असं सांगू नका. आपल्याला झाड कळतं, म्हणजे रोगी कळतो असं नाही.

बरं. आता जमिनीकडे येऊ.

पोतं धरलं ते कुठल्या कायद्यानं? १९२७ चा इंग्रजांचा जंगल कायदा. त्यात लिहिलंय की रानात सापडलेलं किंवा रानातून आणलेलं झाड, वेल, गवत, त्याचं मूळ, पान, साल, सगळं वनोपज. पास नसताना ते नेलं तर गुन्हा. इंग्रज गेले, कायदा राहिला. आपल्या आज्या-पणज्यांनी या कायद्याखाली चोर होऊनच कंदमुळं खाल्ली.

आता २००६ चा वनहक्क कायदा आलाय. २००८ साली १ जानेवारीला त्याचे नियम निघाले. त्या कायद्यात गौण वनोपज म्हणजे काय याची यादी आहे. बांबू आहे, मध आहे, मेण आहे, लाख आहे, आणि त्याच यादीत औषधी वनस्पती, मुळं, कंद हे शब्द आहेत. आणि पुढे म्हटलंय की जे वनोपज तुम्ही पूर्वापार गोळा करत आलात त्याच्यावर मालकी हक्क तुमचा. गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचाही. २००८ च्या मूळ नियमांत तर डोक्यावरून, सायकलवरून, हातगाडीवरून न्यायचा उल्लेख होता. त्या दोन बायांच्या डोक्यावरच पोतं होतं ना? तेच ते.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. कायद्यानं हक्क मान्य केला, तरी दावा घालून, ग्रामसभेतून, वरच्या समित्यांतून तो मंजूर होऊन कागद हातात यायचा आहे. तोवर नाक्यावर भांडण होणारच. तोवर एवढं करा: जप्ती केली तर पावती मागा, पंचनाम्याची नक्कल मागा, आणि वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. एकटीनं जाऊ नका.

आता आपल्या जिल्ह्याची अडचण ऐका. डहाणू-जव्हारच्या, नंदुरबारच्या भावांकडे अनुसूचित क्षेत्र आहे. तिथं १९९६ चा पेसा कायदा चालतो, तिथं पाड्याची ग्रामसभा होऊ शकते. सिंधुदुर्ग अनुसूचित क्षेत्रात नाही. इथं काही साहेब तुम्हाला तोंडावर सांगतील, "इथं कुठले आदिवासी, इथं तो कायदा लागू नाही." हे खोटं आहे. पेसा लागू नाही हे खरं, वनहक्क कायदा लागू आहे. तो सगळ्या वनजमिनीला आहे, क्षेत्र अनुसूचित असो नसो. दोन्ही कायद्यांची सरमिसळ करून लोकांना परत पाठवणं सोपं पडतं, एवढंच.

दुसरं. आपल्या तालुक्यात राखीव जंगल थोडं, मालकी डोंगर जास्त. खोती गेली तरी डोंगर खोतांच्याच नावावर राहिले. पुढे १९७५ च्या खाजगी वनं संपादन कायद्यानं त्यातले काही ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा झाले. कागदावर झाले, पण कुठल्या सर्व्हे नंबरचं काय झालं हे तलाठ्यालाही धड सांगता येत नाही. वनसंज्ञेचा घोळ आणखी वेगळा. वनहक्क कायद्यात वनजमिनीची व्याख्या मोठी आहे. राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, सीमांकन न झालेली, मानीव वनंसुद्धा त्यात येतात. म्हणून पहिलं काम, ज्या ज्या राईत, ज्या ज्या व्हाळाला आपण मुळं-कंद काढतो त्याचे सर्व्हे नंबर काढायचे. जिथं अजून खरोखर मालकी जमीन आहे तिथं हा दावा चालणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. उगाच आशा लावायची नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. आपल्याकडे दावा महसुली गावाच्या ग्रामसभेतून जाणार. गावात आपली घरं किती? कुठं दहा, कुठं पंधरा. आणि ग्रामसभेचा कोरम निम्म्या माणसांचा. सगळ्या गावातली निम्मी मोठी माणसं आपल्या दाव्यासाठी देवळासमोर येऊन बसणार आहेत का? वनहक्क समितीत दहा ते पंधरा माणसं, त्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश बाया असाव्यात असा नियम आहे. तीन गावांत समित्या झाल्यात आणि आपल्या माणसांना कळलंसुद्धा नाही. एका गावात समितीवर एका ठाकर बाईचं नाव आहे, ते तिला आम्ही सांगितलं तेव्हा कळलं. ती हसायलाच लागली.

म्हणून गावाशी बोलायला लागेल. भंडारी, गाबीत, कुणबी, धनगर, ज्यांची गुरं रानात जातात, ज्यांच्या बाया लाकूडफाटा आणतात, त्यांचाही सामूहिक हक्क यात बसू शकतो. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून त्यांना ७५ वर्षांचा, तीन पिढ्यांचा पुरावा द्यावा लागतो, तो अवघड आहे खरा. पण सामूहिक दावा, म्हणजे नमुना ब, हा गावाचा दावा आहे. तो एकट्या कातकऱ्याचा किंवा एकट्या ठाकराचा म्हणून मांडला तर कोरम कधीच भरणार नाही. आमच्यात यावर दोन मतं आहेत. काही साथी म्हणतात, गावाबरोबर गेलो तर उद्या राईचा ताबा गावचे मोठे लोक घेतील आणि आपण पुन्हा त्यांचे गडी. ही भीती खोटी नाही. पण दुसरी वाट आम्हाला दिसत नाही, आणि ज्यांना दिसते त्यांनी आज इथं सांगावी.

ठाकर भावांच्या दाखल्याचं. १९७६ च्या आधी ठाकरांना आदिवासी म्हणून मान्यता ठराविक तालुक्यांतच होती, ती क्षेत्राची अट त्या वर्षीच्या कायद्यानं गेली. तरी आजही दाखल्याला आणि पडताळणीला फेऱ्या मारायला लावतात. पिंगुळीच्या चित्रकथींची कला बघायला परदेशी पाहुणे येतात आणि त्याच समाजाच्या पोरांना विचारलं जातं, तुम्ही आदिवासी कशावरून? वैयक्तिक दाव्याला दाखला लागेल, तो लढा चालूच ठेवायचा. पण दाखल्यासाठी सामूहिक दावा अडवून ठेवायचं कारण नाही.

आणि पुरावा. इथं आपली सर्पगंधा कामाला येते. नियमांत पुराव्याचे बरेच प्रकार दिलेत, त्यातले दोन तरी लागतात. सरकारी कागद हा एक प्रकार. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, दावेदाराचा स्वतःचा नव्हे, हाही पुरावा आहे. जुन्या वहिवाटीच्या खुणा, हाही पुरावा आहे. जंगलखात्यानं पूर्वी केलेला दंड, गुन्ह्याची नोंद, हाही आपण त्या रानात होतो याचा कागद. ज्यांच्याकडे जुन्या दंडाच्या पावत्या असतील त्यांनी त्या लाजून लपवू नयेत. आणि आजीनं जे सांगितलं, तिच्या आजीनं कुठल्या राईत, कुठल्या दगडाजवळ झाड दाखवलं, कुठल्या महिन्यात काढायचं, किती ठेवायचं, हा तीन-चार पिढ्यांचा हिशोब आहे. तलाठ्याच्या दप्तरात नाही, आजीच्या डोक्यात आहे. तो तिच्या हयातीत लिहून घ्यायचा. आपण रान उपटून रिकामं केलं, तर उद्या समिती जागा बघायला येईल तेव्हा आजी कशाकडे बोट दाखवणार?

एक तरुण मघाशी उभा राहून बोलला, ते लिहून ठेवायला पाहिजे. तो म्हणाला, "तुम्ही मूळ ठेवूक सांगतास. मगे दिवाळीत पोरांका काय घालू? बागायतदारान डोंगर साफ केल्यान तेव्हा कोण इलो नाय बोलूक." खरं आहे. रोजगार हमीतून फळबागा सुरू झाल्या १९९० मध्ये, त्यानंतर या भागात कितीतरी डोंगरउतार तोडून, जाळून आंबा-काजू लागला. आता जेसीबी आलाय. एका डोंगरावर जेसीबी दोन दिवस फिरला तर जेवढी सर्पगंधा जाते तेवढी आपण सगळे मिळून दहा वर्षांत खणणार नाही. त्यामुळे रान संपलं त्याला मूळ खणणारी बाई जबाबदार, असं आम्ही म्हणत नाही आणि कुणाला म्हणू देणार नाही. पण जी राई उरली आहे ती आपल्याच पायाखाली आहे.

पैशाचं म्हणाल तर त्या माणसानं आपल्याला फसवलंच. ओलं मूळ तोलून घेतलं, "ओलं आहे" म्हणून भाव पाडला, आणि वर काट्यात मारलं. मूळ वाळून साधारण निम्म्यावर येतं. सावलीत वाळवलं, माती नीट झाडली, साल खरचटू दिली नाही, तर तेच मूळ जास्त भावानं जातं, कारण औषध सगळ्यात जास्त सालीतच असतं. आपल्या पोरांनी ओढ्यावर घासून घासून धुतलं, साल सोलवटून टाकली. पण वाळवून ठेवायचं तर तेवढे दिवस घरात धान्य पाहिजे. हे बचत गटातून जमेल का, हे बायांनी बघायचं ठरलंय. परसात लागवड हीसुद्धा वाट आहे. मुळाचे तुकडे पावसाच्या सुरुवातीला सावलीत लावले तर दोन-तीन वर्षांत हाती येतं. पण ज्यांच्या घराखालची जमीनच दुसऱ्याच्या नावावर आहे त्यांनी परस कुठलं आणायचं? फिरून फिरून तिथंच येतो.

जैवविविधतेचा २००२ चा कायदाही आहे. धंद्यासाठी माल उचलणाऱ्या कंपनीनं राज्याच्या मंडळाला आधी कळवायचं, आणि ग्रामपंचायतीची समिती अशा माणसाकडून फी घेऊ शकते. आपल्याला, गावच्या माणसाला आणि वैदूला, त्यातून सूट आहे.  पुढच्या वेळी टेम्पो आला तर त्याला हे विचारायचं: तू कुणासाठी घेतोस, कळवलंस का, कागद दाखव. नंबर लिहून घ्या.

बैठकीत जे ठरलं ते असं. या थंडीत कुणी सर्पगंधा खणायची नाही, घरच्या औषधापुरती सोडून. पुढच्या वर्षापासून फळ काळं होऊन पडल्यावरच, मोठ्या झाडाचंच, आणि बोटभर मूळ शेंड्यासकट परत मातीत लावूनच काढायचं. एका राईत एक वर्ष काढलं तर दोन वर्षं तिकडे जायचं नाही. हे मोडलं तर दंड काय, यावर एकमत झालं नाही. पैशाचा दंड नको असं बायांचं म्हणणं, कारण तो शेवटी घरातल्या बाईलाच भरावा लागतो. पुढच्या बैठकीत ठरवू.

धरलेल्या दोन बायांच्या बाबतीत अर्ज तयार झालाय. त्यांच्यासोबत निदान वीस माणसं जायला पाहिजेत, प्रत्येक वाडीतून दोन. जाताना भाकरी बांधून घ्या, दिवस मोडेल.

पुढची बैठक पौर्णिमेनंतरच्या रविवारी, याच वडाखाली. येताना दंडाच्या जुन्या पावत्या, मतदार यादीतली नावं, असतील ते दाखले, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन या. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी आम्ही वही घेऊन येऊ. आजीचा जबाब पहिला घ्यायचा आहे, तिला खोकला फार झालाय.

जिंदाबाद.